कबुलीजबाब आणि आलोचना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



'गुन्हा कबूल आहे काय?' हा प्रश्न न्यायालयात आरोपीला विचारला जातो, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणास बसलेला श्रावक हाच प्रश्न स्वतःला विचारीत असतो. प्रश्न एकच, परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. न्यायालयात 'कबूल नाही' असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक आरोपीला आहे. स्वतःच्या अंतःकरणापुढे मात्र तो अधिकार कोणालाच नाही. या दोन कबुल्यांची समाजाच्या मनात नेहमी गल्लत होते. त्या गल्लतीतून कधी निरपराध माणूस फासाच्या दोरापर्यंत जातो, तर कधी अपराधी माणूस ताठ मानेने मिरवतो. साहित्याच्या आणि न्यायव्यवस्थेच्या साक्षीने या गल्लतीचा विचार करावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

या विचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वरोऱ्याच्या न्यायालयात एकेकाळी मुरलीधर देविदास आमटे नावाचे एक तरुण वकील काम चालवीत असत. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिकारीचा आणि चित्रपटांचा शौक, खिशात पैसा आणि बोलण्यात धार. पुढे साऱ्या जगाने त्यांना बाबा आमटे या नावाने ओळखले. त्यांची वकिली चांगली चालत होती, तरी या व्यवसायात त्यांचे मन का रमले नाही, याचे कारण त्यांनी पुढे अनेकांना मोकळेपणाने सांगितले आहे. एखादा पक्षकार यावा, आपण बलात्कार केला आहे हे त्याने वकिलाजवळ मान्य करावे आणि तरीही त्याला निर्दोष सोडवून आणण्याची अपेक्षा वकिलाकडून केली जावी, हे त्यांना सलत असे. त्याहून असह्य वाटे ते पुढचेच. सुटका झाल्यावर होणाऱ्या मेजवानीलाही त्याच वकिलाने आनंदाने उपस्थित राहावे, अशी अपेक्षा असे.

या आठवणीत वकिली व्यवसायाची निंदा शोधणे उचित होणार नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, असे बंधन १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातच होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी त्याचा बचाव करणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे बार कौन्सिलचे नियमही सांगतात. हे बंधन नसेल तर निरपराध माणूससुद्धा वकिलाजवळ मन मोकळे करणार नाही. तेव्हा सल त्या बचावाचा नसून मेजवानीचा होता. न्यायालयाने 'आरोप सिद्ध झाला नाही' एवढेच म्हटले होते. पक्षकाराने त्याचा अर्थ 'माझ्या हातून काही घडलेच नाही' असा लावला आणि ताटे वाढली.

येथे दोन चुका स्पष्ट दिसतात. कबुली मिळाली म्हणजे अपराध सिद्ध झाला असे मानणे ही पहिली चूक. सुटका झाली म्हणजे अपराध नाहीसा झाला असे मानणे ही दुसरी. पहिली चूक शासन आणि समाज करतात, दुसरी ज्याची त्याची स्वतःची असते.

कायद्याला कबुलीचा संशय का येतो?

सामान्य माणसाला वाटते की स्वतः आरोपीनेच गुन्हा मान्य केल्यावर आणखी पुरावा हवा कशाला? न केलेला गुन्हा कोणी कशाला अंगावर घेईल? या देशाचा अनुभव निराळा आहे. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि गुन्ह्याच्या कबुलीसाठी रयतेचा छळ होतो, अशा तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाची प्रथा खरी असल्याचे त्यात दिसून आले. पुढे १८७२ चा पुरावा कायदा झाला, तेव्हा त्याच्या पंचविसाव्या कलमात निःसंदिग्ध तरतूद करण्यात आली की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. परकीय राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच पोलिसांवर दाखविलेला हा अविश्वास होता. स्वतंत्र भारतानेही तो कायम ठेवला. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात हीच तरतूद आहे.

कबुली द्यावयाचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे द्यावी लागते. 'कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते', असे त्याला दंडाधिकाऱ्याने आधी समजावून सांगावे लागते. आरोपीने कबुली देण्यास नकार दिला, तर त्याला पोलीस कोठडीत पाठविण्यास दंडाधिकारी अनुमती देऊ शकत नाही. कारण उघड आहे. नकार देऊन पुन्हा त्याच कोठडीत जावे लागणार असेल, तर नकाराचे धैर्य कोण करील?

व्यापारी मंडळींना हा नियम परका वाटू नये. नियमितपणे लिहिलेली रोजकीर्द आणि खतावणी न्यायालयात ग्राह्य धरली जाते. परंतु केवळ वहीतील नोंदीच्या बळावर कोणाच्या माथी देणे लादता येत नाही, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. वहीत नावे लिहिले म्हणजे माल गेला असे होत नाही; बिल, पावती, बिल्टी, साक्षीदार असा काहीतरी दुसरा आधार लागतो. जेथे एका ठाणाच्या किमतीसाठी कायदा इतका सावध आहे, तेथे माणसाच्या प्राणासाठी तो किती सावध असावयास हवा!

या सावधपणाचा मोठा दाखला विदर्भाच्याच मातीतला आहे. १९४९ च्या अखेरीस गोंदिया येथे एका पाच वर्षांच्या बालकाची हत्या झाली. खटल्याच्या काळात गोंदिया आणि वरोरा ही दोन्ही गावे जुन्या मध्य प्रदेश राज्यात होती. प्रकरणातील एका आरोपीने कबुली दिली आणि त्या कबुलीत दुसऱ्या आरोपीचे नाव घेतले. त्या दुसऱ्या आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि नागपूर उच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली. 'कश्मीरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या नावाने ते अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२ मध्ये त्याचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचेच मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी घालून दिलेली रीत आजही देशभर प्रमाण मानली जाते. सहआरोपीची कबुली प्रथम पूर्णपणे बाजूला ठेवावी, उरलेला पुरावा तपासावा, आणि तो पुरावा विश्वसनीय मानल्यास त्यावर दोष ठरू शकतो काय ते पाहावे. ठरू शकत असेल, तरच मनाच्या खात्रीसाठी कबुलीकडे वळावे. या कसोटीवर खुनाचा आरोप टिकला नाही. फाशी रद्द झाली आणि पुरावा नाहीसा करण्याच्या गुन्ह्याबद्दल त्या आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. एका कोवळ्या जिवाच्या हत्येने जनमत प्रक्षुब्ध असताना न्यायाधीशाने राखलेला हा संयम आहे. दोऱ्याचा एक पदर नाजूक आहे म्हणून त्याला भार देऊ नये, एवढी साधी समजूत त्यामागे आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी अजमल कसाब याला अवघ्या जगाने हातात बंदूक घेतलेला पाहिले होते. २० जुलै २००९ रोजी त्याने भर न्यायालयात गुन्हा मान्य केला. तरीही न्यायाधीशांनी तेवढ्यावर खटला संपविला नाही. उरलेले साक्षीदार तपासले गेले. पुढे त्याने कबुली फिरविली, तरी न्यायाला बाध आला नाही. कारण न्याय त्या कबुलीवर उभाच नव्हता. मे २०१० मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी ती येरवडा कारागृहात अंमलात आली.

जेथे हा संयम सैल झाला तेथे काय घडले, हेही पाहावयास हवे. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या विशेष कायद्यात, पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ग्राह्य ठरविण्यात आली. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. तो खटला या कायद्याखाली चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, त्यांतील काही भाग एकमेकांशी मिळताजुळता, नक्कल केल्यासारखा आहे, म्हणून ते विश्वासार्ह नाहीत, असे त्या निकालात नमूद आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी सांगितले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. फाशी सुनावलेल्या पाच जणांपैकी एक जण निकालाच्या चार वर्षे आधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या कारागृहात कोरोनाने मरण पावला होता. मुक्ततेचा निकाल त्याच्या नावाने निघाला, पण तो ऐकावयास तो उरला नव्हता.

या प्रसंगी दोन दुःखे एकाच वेळी मनात ठेवावी लागतात. एकोणीस वर्षे तुरुंगात गेलेल्यांचे एक. आणि ज्यांचे पुत्र, पती, पिता त्या गाड्यांतून घरी परतले नाहीत, त्यांचे दुसरे. अविश्वसनीय कबुलीने दोघांवरही अन्याय होतो. ती हाती आली की तपास थांबतो. आणि ती टिकली नाही की, इतक्या वर्षांनी खरा शोध घेण्यासाठी कोणताच माग शिल्लक राहत नाही.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की याने १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीत हेच सत्य मांडले आहे. रास्कोलनिकोव्ह या विद्यार्थ्याने एका सावकार वृद्धेचा खून केलेला असतो. परंतु त्याच्या आधी रंगकाम करणारा एक साधाभोळा कामगारच पुढे येऊन 'खून मी केला' असे सांगतो! तपास अधिकारी चतुर असल्यामुळे त्या कबुलीवर विश्वास ठेवीत नाही. खरा अपराधी मात्र, कोणीही न पकडता, आतून पोखरून निघाल्यावर स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्याची पायरी चढतो. पुस्तक एक आणि कबुल्या दोन. एक निर्दोषाची, दुसरी दोषीची. नुसत्या शब्दांवरून त्यांतला भेद कळत नाही.

मौन म्हणजे कबुली काय?

कबुलीचीच एक धाकटी बहीण आहे. तिचे नाव मौन. 'बोलला नाही, म्हणजे मान्यच असणार' असे लोक सहज म्हणतात. सुदर्शन शेठची कथा येथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. चंपानगरीच्या अभया राणीने त्याच्यावर खोटा आळ घेतला. कायोत्सर्गात असलेल्या सुदर्शनाने मौन सोडले नाही. राजाने त्या मौनाचाच पुरावा केला आणि शूलीची आज्ञा दिली. कथेत शूलीचे सिंहासन झाले. प्रत्यक्ष जगात शूलीचे सिंहासन होत नाही, म्हणूनच भारतीय राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने, कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, अशी हमी दिली आहे.

परंतु मौनाचा चुकीचा अर्थ केवळ आरोपीच्याच वाट्याला येतो असे नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले; १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले; आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नव्हती, यावरून तिची संमती गृहीत धरली गेली. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत, रात्रीच्या वेळी, वनप्रदेशातील एका गरीब पोरक्या मुलीने आवाज काढला नाही, हे तिचे संमतीपत्र ठरले!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरून चालावे, अशी तरतूद झाली. त्या मुलीच्या स्वतःच्या प्रकरणात काही बदलले नाही. निकाल होता तसाच राहिला. परंतु कायद्याने स्वतःची चूक ओळखली आणि पुढे ती होऊ नये असा नियम केला. धर्मशास्त्राच्या भाषेत याला प्रतिक्रमण म्हणावे लागेल.

याच विषयाला विजय तेंडुलकर यांनी १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात हात घातला. वेळ घालविण्यासाठी मंडळी लुटुपुटुचे न्यायालय मांडतात, लीला बेणारे या शिक्षिकेला गमतीने आरोपी करतात आणि बघता बघता तिचे खरे आयुष्य चव्हाट्यावर आणतात. ती अखेर स्वतःविषयी बोलते तेव्हा ऐकणारे कोणीच नसते. न्यायासनावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि वकिलाच्या जागी जे उभे आहेत त्यांचे दोष प्रेक्षकाला दिसत राहतात. फक्त त्यांच्यावर कोणी आरोप ठेवलेला नसतो.

ज्या अपराधाला कलम नाही

आता दुसऱ्या चुकीकडे वळावयाचे आहे. कायद्याची पोच जेथे संपते तेथून पुढे माणसाने काय करावे?

लिओ टॉल्स्टॉय यांच्या 'पुनरुत्थान' या १८९९ मधील कादंबरीत एक सरदार ज्यूरीवर बसलेला असतो. समोर आरोपी म्हणून जी स्त्री आणली जाते, तिला तो ओळखतो. तारुण्यात त्यानेच तिला फसवून सोडून दिलेले असते. तिच्या अधःपाताची सुरुवात तेथे झालेली आहे. कायद्याच्या दृष्टीने ती आरोपी आणि तो न्यायदानातील भागीदार. त्याच्या कृत्याला कोणतेही कलम लागू नाही. तरीही तो शिक्षा झालेल्या त्या स्त्रीच्या मागोमाग सैबेरियाची वाट धरतो. कादंबरी वाचून झाल्यावर ध्यानात येते की खरा खटला न्यायालयाबाहेर चालला होता.

असाच एक खटला वरोऱ्यातही चालला. ब्रिटिश सोल्जरांच्या तावडीतून एका नववधूची अब्रू वाचविण्यासाठी एकटे झुंजलेल्या बाबा आमट्यांना महात्मा गांधींनी 'अभय साधक' म्हटले होते. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला. भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. अशातच एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ, त्यांना काहीतरी पडलेले दिसले. तो एक जिवंत मनुष्य होता. नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. अभय साधक घाबरला आणि घराकडे पळाला.

या पळण्याला कोणत्याही कायद्यात शिक्षा नव्हती. ते कोणी पाहिलेही नव्हते. मनात आणते तर बाबा ती गोष्ट सहज विसरू शकले असते. परंतु ते परत गेले. त्यांनी तुळशीरामाला अन्न दिले, पावसापासून आडोसा केला, त्याचा अंत होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. आणि आपण घाबरलो होतो, हे त्यांनी आयुष्यभर, जेथे जेथे गेले तेथे, न लाजता सांगितले. 'अभय साधक' ही पदवी मिरविण्याऐवजी स्वतःच्या भयाची कबुली मिरवावी, ही गोष्ट लहान नव्हे. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगोपचार शिकावयास गेले. परतल्यावर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांनी तेथेच देह ठेवला.

त्या वकिलाच्या खोलीत कबुली देऊन पक्षकाराने मेजवानी दिली होती. गटाराकाठच्या कबुलीतून एका वसाहतीचा जन्म झाला. पक्षकाराने सत्य सांगितले ते शिक्षा टाळण्यासाठी. बाबांनी सांगितले ते, कोणतीही शिक्षा होणार नव्हती तेव्हा.

आलोचनेचे दोष

जैन शास्त्रकारांनी या भेदाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिले स्थान आलोचनेचे आहे. आलोचना म्हणजे गुरूपुढे आपला दोष जसा घडला तसा, सरळपणे निवेदन करणे. परंतु कबुली देतानाही माणूस लबाडी करतो हे शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी आलोचनेचे दहा दोष मोजून ठेवले. त्यांतील काही ऐकताच प्रत्येकाला आरशात पाहिल्यासारखे वाटेल. आधी गुरूला सेवेने वा वस्तू देऊन प्रसन्न करून घ्यावे, म्हणजे प्रायश्चित्त सौम्य मिळेल, हा एक दोष. जे दुसऱ्यांनी पाहिले तेवढेच कबूल करावे आणि न पाहिलेले लपवावे, हा दुसरा. मोठे दोष झाकून क्षुल्लक दोष मोठ्या पश्चात्तापाने सांगावेत, म्हणजे 'एवढे बारीकही सांगतो, मग मोठे काय लपवील' असे वाटावे, हा तिसरा. गुरूला नीट ऐकूच येऊ नये अशा रीतीने पुटपुटावे, किंवा गलबल्यात बोलावे, हे आणखी दोन. आणि ज्याच्या हातून तोच दोष घडतो, अशाच्यापुढे जाऊन कबुली द्यावी, म्हणजे तो रागावणार नाही, हा आणखी एक!

न्यायाधीश कबुली तपासतो तो ती सक्तीची नाही ना, हे पाहण्यासाठी. गुरू तपासतो तो ती कपटाची नाही ना, हे पाहण्यासाठी. न्यायालय सांगते, 'बोलण्याची सक्ती नाही.' शास्त्र सांगते, 'बोलल्याशिवाय शल्य निघणार नाही.' यांत विरोध नाही. न्यायालयाच्या हाती दंड आहे, म्हणून त्याने संशयी असलेच पाहिजे. आलोचनेत दंड देणारा आणि घेणारा एकच, म्हणून तेथे बचावाच्या वकिलाला जागा नाही.

निर्दोष आलोचनेचे सुंदर उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. पंधरा वर्षांच्या मोहनदासाने कर्ज फेडण्यासाठी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. कोणी पकडले नव्हते. त्याने चिठ्ठीवर सगळे लिहिले, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली आणि ती चिठ्ठी आजारी पित्याच्या हाती दिली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. त्या चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या. काय केले, त्याची जबाबदारी, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. यांपैकी एकही वगळली तर ती नुसती बातमी उरते.

सज्जनहो, दर वर्षी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणण्याचा आपल्या समाजाचा प्रघात आहे. पूर्वी छापील कार्डे जात, आता एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो लोकांना संदेश पोहोचतो. ज्यांच्याशी वर्षभरात शब्दाचाही वाद झाला नाही, त्यांची क्षमा सर्वांत आधी मागितली जाते. परंतु ज्या सख्ख्या भावाशी दुकानाच्या वाटणीवरून दहा वर्षे दावा सुरू आहे, त्याचा दरवाजा मात्र कोणी वाजवीत नाही. वकील म्हणतो, 'आता काही बोलू नका, ते कबुली ठरेल.' वकिलाचा सल्ला कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असतो. तारखा पडत राहतात, आई दोन घरांत वाटली जाते, आणि एके दिवशी निकाल लागतो. जिंकलेला भाऊ पेढे वाटतो. ती मेजवानी कोणत्या मेजवानीच्या जातीची आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

दिवाळीला वही बंद करताना व्यापारी शिल्लक जुळवून पाहतो. जुळली नाही तर रात्र जागून चूक शोधतो. न्यायालयाने सांगण्याची वाट पाहत नाही. जीवनाच्या वहीलाही तेच लागू आहे. निरपराध्याला शिक्षा होऊ नये म्हणून न्यायालयाने प्रत्येक कबुलीवर संशय घ्यावा; आणि न्यायालयातून सुटलेल्या प्रत्येक माणसाने घरी गेल्यावर स्वतःची वही एकदा उघडून पाहावी. वरोऱ्यात न्यायालयही आहे आणि आनंदवनही आहे. एकात 'सिद्ध झाले काय' हा प्रश्न विचारला जातो. दुसरे 'आता पुढे काय करावयाचे' या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन्ही वाटा याच गावातून जातात, आणि दुसरीवर चालण्यास समन्सची आवश्यकता नसते.

जय जिनेंद्र!